लिनक्सवर लॅपटॉप तापून बंद पडतो? आधी स्विच कुणी दाबला ते शोधा

गेल्या दोन वर्षांत माझा एकच जुना लॅपटॉप तीनदा सारखाच बंद पडला. अचानक पडदा काळा, पंखा गप्प, आणि खालच्या बाजूला हात लावला तर चटका. तिन्ही वेळा लक्षण एकच, पण कारणं तीन निघाली. पहिल्यांदा धूळ, दुसऱ्यांदा म्हातारी बॅटरी, आणि तिसऱ्यांदा झाकण लावूनही न झोपता बॅगेत जागा राहिलेला लॅपटॉप. पहिल्या खेपेला मी जो सल्ला मिळेल तो पाळला. ताप कमी करणारी तीन पॅकेजेस टाकली, कर्नलचे (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे) दोन पॅरामीटर बदलले, आणि आठवडाभर आणखी गोंधळलो. म्हणून इथे उपाय उशिरा येतील. आधी तपास.

एक खुलासा करून ठेवतो. आज्ञा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. एकाक्षरी पर्याय म्हणजे तेच रोमन अक्षर, आणि आकडे इंग्रजी.

वीज तोडणारे तिघे

प्रोसेसर तापला की लगेच बंद पडत नाही. आधी तो वेग कमी करून स्वतःला सांभाळतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते, एएमडीमध्ये साधारण ९५ ते १०५. म्हणजे ९५ अंशांवर चाललेला लॅपटॉप मंद झालेला असू शकतो, पण तेवढ्याने तो विझायला नको. विझला, तर वीज कुणीतरी तोडलेली असते, आणि तोडणारा बहुधा या तिघांपैकीच एक असतो.

पहिला, कर्नल. लॅपटॉपच्या फर्मवेअरने (मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरने) एक धोक्याचं तापमान नोंदवून ठेवलेलं असतं. ते गाठलं की कर्नल स्वतः व्यवस्थित शटडाउन सुरू करतो आणि जाताना लॉगमध्ये लिहून जातो.

दुसरा, हार्डवेअर. मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते. पंखा, चार्जिंग, पॉवर बटण हा तिचा कारभार. तिला कर्नलची परवानगी लागत नाही. खुद्द प्रोसेसरमध्येही शेवटचा फ्यूज म्हणावा असा बचाव असतो, इंटेलच्या अनेक चिपमध्ये १३० अंशांच्या आसपास. हे दोघे क्षणात वीज तोडतात आणि चिठ्ठी ठेवत नाहीत.

तिसरी, बॅटरी. हिच्याविषयी पुढे सविस्तर, कारण तापाच्या नावावर सर्वांत जास्त वेळा हीच सुटून जाते.

या तिघांव्यतिरिक्त एक भास असतो. पडदा गोठतो, पण पंखा चालू आहे, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो आहे. हे शटडाउन नव्हे, कर्नल पॅनिक (कर्नलच कोसळणं) किंवा नुसतं अडकणं आहे. त्याचा शोध ड्रायव्हर आणि रॅमच्या दिशेने घ्यायचा. वीज गेली की दिवेही जातात, एवढी खूण पुरे.

पहिली पायरी: मागच्या जन्माचा लॉग

लॅपटॉप पुन्हा चालू केल्यावर सर्वांत आधी हे:

जर्नलसीटीएल -बी -१ -ई

यात मागच्या बूटचा लॉग उघडतो आणि थेट शेवटाला नेतो. मागचा बूट सापडत नाही असं उत्तर आलं, तर तुमच्याकडे जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, फक्त मेमरीत राहतो आहे. /व्हार/लॉग/जर्नल अशी डिरेक्टरी सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) तयार करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. पुढच्या वेळेपासून लॉग डिस्कवर टिकेल.

शेवटच्या ओळींत काय दिसतं त्यावर पुढची वाट ठरते. ‘क्रिटिकल टेंपरेचर रीच्ड’ किंवा ‘टेंपरेचर टू हाय’ असे शब्द असतील, तर कर्नलने बंद केलं. सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी आणि शेवटी जर्नल थांबल्याची ओळ असेल, पण तापमानाचा उल्लेखच नसेल, तर कुणीतरी रीतसर शटडाउन मागितलं. बहुधा बॅटरी संपत आल्याचं पाहून, बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यूपॉवर या सेवेने. आणि लॉग चालू वाक्यात तुटावा तसा मध्येच संपला असेल, तर हार्डवेअरने किंवा बॅटरीने वीज तोडली.

इथे एक बारकावा आहे, मला तो फार उशिरा कळला. सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा) जर्नल साध्या नोंदी साधारण पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतो. फक्त गंभीर दर्जाच्या नोंदी लगेच लिहितो. त्यामुळे वीज झटक्यात गेली की शेवटची काही मिनिटं लॉगमधून गायब असू शकतात. दुपारी ३:४२ ला बंद पडलेल्या लॅपटॉपचा लॉग ३:३८ ला संपला, तर ३:३८ ला काय घडलं ते शोधत बसू नका. तिथे काहीच घडलेलं नसतं.

लॉगमध्ये ‘क्लॉक थ्रॉटल्ड’ असं शोधून पाहा. या ओळी दिसल्या तर आधी ताप चढला होता हे नक्की. इंटेलवर एकही ओळ नसेल तर शंका बॅटरीकडेही वळवा.

दुसरी पायरी: थर्मामीटर

डेबियन, उबंटू, मिंटवर एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाका. फेडोरावर नाव तेच, पण मधली रेघ अंडरस्कोअर आहे. एकदा ‘सुडो सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवा आणि सुचवलेली उत्तरं एंटर दाबून स्वीकारत जा. मग:

वॉच -एन २ सेन्सर्स

दर दोन सेकंदांनी आकडे ताजे होतील. इंटेलवर ‘कोअरटेंप’ नावाखाली प्रत्येक कोअरचं तापमान दिसतं, एएमडीवर ‘के१०टेंप’ खाली सबंध चिपचं. पंख्याचे फेरे दिसले तर उत्तम, पण सगळे लॅपटॉप ते लिनक्सला सांगत नाहीत. न दिसणं म्हणजे पंखा मेला असं नाही. कान लावा.

कर्नल नेमक्या किती अंशांवर बंद करणार आहे तेही वाचता येतं. /सिस/क्लास/थर्मल या फोल्डरात ‘थर्मल_झोन०’, ‘थर्मल_झोन१’ असे उपफोल्डर असतात. प्रत्येकात ‘ट्रिप_पॉइंट_०_टाइप’ आणि ‘ट्रिप_पॉइंट_०_टेंप’ अशा फाइली असतात, पुढे १, २ वगैरेही. ज्याचा टाइप ‘क्रिटिकल’, त्याचा आकडा पाहा. आकडा अंशाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणून १०३००० म्हणजे १०३ अंश.

आता खरं काम. पुढच्या वेळी लॅपटॉप बंद पडेल तेव्हा साक्षीदार हवा:

व्हाइल ट्रू; डू डेट; सेन्सर्स; सिंक; स्लीप ५; डन >> ताप.लॉग

हे एका टर्मिनलमध्ये चालू ठेवा आणि नेहमीचं काम करत राहा. दर पाच सेकंदांनी वेळ आणि तापमान फाइलमध्ये जातं. मधला ‘सिंक’ ते तिथल्या तिथे डिस्कवर उतरवतो, तो गाळू नका. बंद पडल्यावर फाइलच्या शेवटच्या ओळी पाहा. ९८ अंशांवर थांबली असेल तर गुन्हेगार ताप. ६१ अंशांवर थांबली असेल तर तापाला निर्दोष सोडा आणि थेट बॅटरीच्या भागाकडे जा.

तिसरी पायरी: मुद्दाम तापवणं

सगळ्या फाइली सेव्ह करा, चार्जर लावा, लॅपटॉप टेबलावर ठेवा. स्ट्रेस-एनजी टाका आणि बाजूला सेन्सर्स चालू ठेवून:

स्ट्रेस-एनजी --सीपीयू ० --टाइमआउट १८०एस

शून्य म्हणजे सगळे कोअर, १८०एस म्हणजे तीन मिनिटं. शेवटी किती तापलं यापेक्षा तापमान कसं चढतं ते पाहा.

पन्नासवरून पंचाण्णववर दोन-तीन सेकंदांत उडी मारली आणि भार काढताच तितक्याच झपाट्याने खाली आलं, तर प्रोसेसर आणि त्याची उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी यांचा संपर्क बिघडला आहे. थर्मल पेस्ट सुकली, किंवा आधी कुणी उघडून स्क्रू नीट आवळले नाहीत. याउलट ७०, ७५, ८० असं हळूहळू चढत पाच-दहा मिनिटांत शंभरी गाठली, तर पट्टीपर्यंत उष्णता येते आहे, ती बाहेर पडत नाही. म्हणजे धूळ किंवा अडलेली हवा. यासाठी चाचणी थोडी लांबवावी लागते.

हाताची चाचणीही करा. प्रोसेसर ९५ वर आणि बाजूच्या जाळीतून कोमट, दुबळी झुळूक येत असेल तर आत काहीतरी तुंबलं आहे. गरम, जोरदार झोत येत असेल तर पंखा आपलं काम चोख करतो आहे आणि भारच जास्त आहे.

खोलीचं तापमान हिशोबात धरा. पंखा पूर्ण वेगात असताना दिलेल्या भाराला प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहतो. हा फरक ५५ अंशांचा असेल, तर जानेवारीत २८ अंशांच्या खोलीत तो ८३ वर थांबेल. तोच लॅपटॉप विदर्भातल्या मे महिन्यात, ४४ अंशांच्या खोलीत, ९९ वर जाईल. लॅपटॉप बिघडलेला नाही, त्याची ऐपत संपली आहे. हिवाळ्यात ‘बरा झालेला’ लॅपटॉप उन्हाळ्यात पुन्हा आजारी का पडतो, याचं उत्तर बहुतेकदा एवढंच असतं. मात्र यावर तोडगा म्हणून वाळ्याच्या कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर सोडू नका. ओली हवा आणि खाऱ्या पाण्याचे तुषार आतल्या धुळीचा चिखल करतात.

काही न करताही तापतो आहे का?

सगळं बंद करून पाच मिनिटं ‘एचटॉप’ पाहत बसा. रिकामा बसलेला लॅपटॉप ४० ते ५५ अंशांत असावा, उन्हाळ्यात थोडा वर. कुणी एक कोअर पूर्ण खात असेल तर नाव दिसेल. बहुधा ते ब्राउझरचं एखादं पान, फाइलींची सूची बनवणारी ‘ट्रॅकर’सारखी सेवा, किंवा बॅकअप असतो. ‘केवर्कर’ नावाचा कर्नलचा धागा सतत वर असेल तर प्रकरण वेगळं. अनेकदा फर्मवेअरचा एखादा सिग्नल अखंड वाजत असतो. /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स या फोल्डरातल्या ‘जीपीई’ने सुरू होणाऱ्या फाइली वाचा. एखाद्याचा आकडा लाखांत असेल आणि प्रत्येक वाचनात वाढत असेल, तर तोच. त्या फाइलीत रूट (म्हणजे प्रशासक) म्हणून ‘डिसेबल’ लिहिलं की तो गप्प होतो. रीबूटनंतर पुन्हा सुरू होईल, आणि क्वचित त्याच्यासोबत झाकणाची किंवा एखाद्या बटणाची सोयही जाते, ते तपासा.

व्हिडिओ पाहतानाच तापत असेल तर डीकोडिंग ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडतं आहे. ‘व्हीएइन्फो’ चालवून ड्रायव्हर दिसतो का पाहा. फायरफॉक्समध्ये लिनक्सवर इंटेल ग्राफिक्ससाठी ही सोय ११५ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असते. त्याहून जुना फायरफॉक्स असेल तर आधी तो बदला.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर एनव्हिडियाची चिप विनाकारण जागी असते, हे फार आढळतं. उबंटूवर ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ विचारा. गेम किंवा थ्रीडी काम नसेल तर ‘सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल’ करून रीबूट करा. रिकाम्या वेळचं तापमान कधी कधी एवढ्यानेच बरंच उतरतं. बाहेरच्या मॉनिटरचं पोर्ट एनव्हिडियालाच जोडलेलं असेल तर तो मॉनिटर मात्र बंद होईल.

उघडणं

चाचणीने धूळ किंवा पेस्टकडे बोट दाखवलं असेल तर सॉफ्टवेअरने काहीही साधणार नाही. स्क्रूड्रायव्हर घ्या. वॉरंटी चालू असेल तर घेऊ नका.

लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, मागचं झाकण उघडून पहिलं काम म्हणजे बॅटरीची जोडणी मदरबोर्डवरून काढणं. बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचलला गेला होता असं आता लक्षात आलं, तर पुढचं सगळं रद्द. ती टोचू नका, दाबू नका. बदलून घ्या.

पंखा वरून स्वच्छ दिसेल, त्यावर जाऊ नका. धूळ बसते पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत, आणि तिथे कापसाच्या गादीसारखा थर तयार होतो. पंख्याचं झाकण काढल्याशिवाय तो दिसत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये तो थर अख्खा, एका तुकड्यात, चिमट्याने निघाला. बाहेरून हवा मारली असती तर तो फक्त आत ढकलला गेला असता. हवा मारायचीच तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.

पेस्ट बदलायची असेल तर पट्टीवरच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने, आवळताना सुलट क्रमाने, थोडं थोडं करत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा. लॅपटॉपच्या चिपला डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, उघडं सिलिकॉन समोर असतं. म्हणून ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन ती संपूर्ण पृष्ठभागावर पातळ पसरवा. कोपरा कोरडा राहिला तर नेमका तिथला कोअर तापतो. शेजारी रबरासारखे थर्मल पॅड असतील ते फाडू नका. त्यांची जाडी ठरलेली असते, त्या जागी पेस्ट चालत नाही.

बंद केल्यावर तीच तीन मिनिटांची चाचणी पुन्हा. आधीची ताप.लॉग फाइल हाताशी असेल तर फरक आकड्यांत दिसतो.

सेटिंग्ज, आता

सफाई झाली, तरी उन्हाळ्यात शंभरी गाठतोच आहे, तर भार कमी करा. सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत सोपं म्हणजे टर्बो बंद करणं. टर्बो म्हणजे प्रोसेसर थोडा वेळ मूळ वेगाच्या वर धावतो, आणि त्या शेवटच्या थोड्या वेगासाठी उष्णता मात्र भरमसाट सोडतो. इंटेलवर रूट म्हणून /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/इंटेल_पीस्टेट/नो_टर्बो या फाइलीत १ लिहा. एएमडीच्या बऱ्याच लॅपटॉपवर त्याच सीपीयू फोल्डरात ‘सीपीयूफ्रेक’मध्ये ‘बूस्ट’ फाइल असते, तीत ०. रीबूटला हे पुसलं जातं, त्यामुळे बिनधास्त करून पाहा. लेखन, ब्राउझर, स्प्रेडशीट यांत फरक जाणवणारही नाही. कोड कंपाइल करताना जाणवेल.

कायमची सोय हवी तर एकच साधन निवडा. डेस्कटॉपच्या पॉवर मेन्यूमागे असणारं पॉवर-प्रोफाइल्स-डेमन किंवा टीएलपी. दोन्ही एकत्र टाकू नका, एकाने केलेलं दुसरं उलटवतं. थर्मलडी ही ताप आवरणारी सेवा फक्त इंटेलसाठी आहे आणि अनेक वितरणांत आधीच बसवलेली असते.

फर्मवेअरही पाहा. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स’ विचारलं की तुमच्या मॉडेलसाठी नवीन बायोस आहे का कळतं. पंखा कधी आणि किती फिरवायचा हे बायोस ठरवतं, त्यामुळे काही वेळा रोग इथेच बरा होतो. अपडेट चार्जर लावून, आणि वीज जाण्याची वेळ टाळून.

आणि एक गोष्ट करू नका. ‘थर्मल डॉट एनओसीआरटी’ हा कर्नल पॅरामीटर धोक्याच्या तापमानावरचा शटडाउन बंद करतो. जिथे सेन्सर धडधडीत खोटं बोलतो, थंड लॅपटॉप १२७ अंश सांगतो, तिथेच त्याला अर्थ आहे. बाकी ठिकाणी तो लावणं म्हणजे घरातला धुराचा अलार्म वाजतो म्हणून त्याचे सेल काढून ठेवणं.

बॅटरी: आळ जिच्यावर येत नाही

चार्जर लावून तासन् तास चालतो, काढला की ४० टक्क्यांवर विझतो. लॉग मध्येच तुटलेला, तापमान साठ-सत्तर. हे लक्षण ओळखा. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. प्रोसेसरने अचानक जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, आणि बॅटरीतलं संरक्षण सर्किट वीज तोडतं. भार वाढला तेव्हाच बंद पडल्यामुळे आपण म्हणतो ‘तापला’.

‘अपॉवर -ई’ ने बॅटरीचा पत्ता मिळवा, मग ‘अपॉवर -आय’ पुढे तो पत्ता द्या. अपॉवर म्हणजे तेच यूपॉवर, इंग्रजी स्पेलिंग यू-पी-ओ-डब्ल्यू-ई-आर. त्यात ‘एनर्जी-फुल’ आणि ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ हे दोन आकडे शेजारी ठेवा. डिझाइन ४८ आणि आत्ताची १९ असेल, तर काय करायचं ते सांगायला नको. पण क्षमता बरी दिसूनही एक सेल गेलेला असू शकतो. म्हणून स्ट्रेस चाचणी दोनदा करा, एकदा चार्जरवर आणि एकदा बॅटरीवर. फक्त बॅटरीवर पडला तर निकाल लागला.

बॅगेतला लॅपटॉप

तिसरा प्रसंग माझ्या अंगाशी आला तो प्रवासात. झाकण लावून बॅगेत टाकलेला लॅपटॉप दोन तासांनी काढला तर भाकरीच्या तव्यासारखा तापलेला आणि मेलेला. ‘कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ करा. उत्तरात ‘एस२आयडल’ चौकटी कंसात असेल तर तुमचा लॅपटॉप अर्धवट झोपतो, आणि माउस किंवा नेटवर्क कार्ड त्याला बॅगेतही उठवू शकतं. ‘डीप’ हा शब्दही त्या ओळीत असेल, तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) कर्नल पॅरामीटर म्हणून ‘मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप’ देऊन पाहा. टेबलावर दहा वेळा झोपवून-उठवून खात्री केल्याशिवाय बॅगेत टाकू नका, काही मॉडेल गाढ झोपेतून उठतच नाहीत. ‘डीप’ त्या ओळीत नसेलच, तर प्रवासाआधी सरळ शटडाउन करा.

इतकं करूनही चार्जरवर, साठ अंशांत, बॅटरी काढून ठेवलेली असताना लॅपटॉप विझत असेल, तर आधी कुणाचा तरी तेवढ्याच वॅटचा चार्जर मागून पाहा. तरीही विझला तर मदरबोर्डचं पॉवर सर्किट उरतं. दुरुस्तीच्या दुकानात जाताना ताप.लॉगच्या शेवटच्या वीस ओळी आणि ‘बॅटरी काढून, दुसऱ्या चार्जरवरही पडतो’ हे वाक्य, दोन्ही बरोबर न्या. नाहीतर काउंटरवरून पहिलं उत्तर येतं, ‘विंडोज टाकून बघा.’